अर्ध्यावर थांबणारा मागचा दरवाजा : विजेच्या बिघाडाचा माग

विजेवर उघडणारा माझ्या गाडीचा मागचा दरवाजा साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत व्यवस्थित वर जात असे, तिथे क्षणभर अडखळत असे आणि मग इशाऱ्याचा आवाज करून एक तर तिथेच थांबत असे किंवा थोडा खाली येत असे. बंद होतानाही तो असाच अडखळे, पण वर जाताना जिथे थांबला त्याच्या जरा खालच्या उंचीवर. इंजिन चालू असताना हा प्रकार कमी होई आणि नुसत्या बॅटरीवर जास्त होई. हुकूम किल्लीवरून दिला, डॅशबोर्डवरच्या बटणावरून दिला किंवा दरवाज्याच्या कडेवरचे बटण दाबले, तरी परिणामात काही फरक पडत नव्हता. हत्यार हातात घेण्याआधी हे सगळे एका कागदावर लिहून काढण्याचा मला फार उपयोग झाला, कारण अधूनमधून होणाऱ्या बिघाडात कोणत्या परिस्थितीत काय घडते हेच मुख्य साधन असते. बटण कोणतेही असले तरी दोष तोच राहतो, म्हणजे बटणे, किल्ली आणि त्यांच्या तारा यांच्याकडे पाहण्यात वेळ घालवण्याचे कारण नव्हते. थांबण्याची उंची जवळजवळ ठरलेली आहे, हे निरीक्षण मात्र पुढे सर्वांत मोलाचे ठरले.

ही यंत्रणा कशी चालते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण ते माहीत नसेल तर पुढच्या मोजमापांना अर्थ राहत नाही. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना, जुन्या गाड्यांत जिथे गॅसचे शॉकर असत तिथे, आता स्पिंडल असतात. प्रत्येक स्पिंडलच्या नळीत एक छोटी डीसी मोटर, तिचा गिअर, लांब आट्यांचा दांडा आणि त्याभोवती भक्कम स्प्रिंग असते. दरवाज्याचे बरेचसे वजन स्प्रिंग पेलते आणि मोटर फक्त उरलेले काम करते. मोटरच्या टोकाशी दोन हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाच्या फिरण्यावरून मोटरचे फिरणे ओळखणारे सेन्सर, असतात. मोटर फिरली की त्यांच्याकडून स्पंदने निघतात, ती मोजून मॉड्यूलला, म्हणजे दरवाजा चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीला, दरवाजा कुठवर आला हे कळते आणि दोन सेन्सरांपैकी कोणाचे स्पंदन आधी आले यावरून दिशा कळते. काही गाड्यांत एकाच बाजूला मोटर असते आणि दुसऱ्या बाजूला साधा स्प्रिंगचा दांडा असतो. खाली कुलपात दरवाजा अर्धा अडकला की पूर्ण अडकला हे सांगणारे स्विच असतात आणि अर्ध्या अडकलेल्या दरवाज्याला आत ओढून घेणारी आणखी एक मोटर असते. दरवाज्याच्या दोन्ही कडांना रबरी पट्ट्या असतात, ज्यांच्या आत दोन वाहक आणि टोकाला एक रेझिस्टर असतो. पट्टी दाबली गेली की वाहक एकमेकांना टेकतात, विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, म्हणजे रोध, जवळजवळ शून्यावर येतो आणि कोणाचे तरी बोट सापडले असे समजून मॉड्यूल दरवाजा उलटा फिरवते.

यातली अडचण अशी की मॉड्यूलला जे काही खटकते त्यावर त्याचे उत्तर एकच असते, ते म्हणजे थांबणे. खरा अडथळा आला, स्प्रिंग दमल्यामुळे मोटरने जास्त करंट घेतला, व्होल्टेज पडले, हॉल सेन्सरची स्पंदने येईनाशी झाली किंवा पट्टीचा रोध बदलला, तरी बाहेरून पाहणाऱ्याला ही पाचही कारणे सारखीच दिसतात. म्हणून अंदाजाने एखादा भाग बदलून पाहणे हा या यंत्रणेत फार महागात पडणारा मार्ग आहे. एका कार्यशाळेत फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेल्या बिघाडाचे सांकेतिक क्रमांक, वाचताच डावा स्पिंडल बदलावा लागेल असे मला सांगण्यात आले होते. कोडमध्ये डाव्या स्पिंडलचे नाव होते हे खरे, पण कोड ज्या सर्किटविषयी तक्रार करतो त्यात मॉड्यूलची पिन, दोन-तीन कनेक्टर, काही मीटर तार आणि शेवटी स्पिंडल एवढे सगळे येते. त्यातला सर्वांत महागडा भाग सर्वांत आधी दोषी ठरवावा, याला मला काही आधार दिसला नाही.

सुरुवात विजेशी संबंध नसलेल्या तपासणीने केली. मॉड्यूलचा फ्यूज काढून दरवाजा हाताने हळूहळू वर नेला. चांगल्या अवस्थेतला दरवाजा मधल्या टप्प्यात सोडला तर जवळपास तिथेच राहतो किंवा अगदी सावकाश सरकतो, आणि वर नेताना दोन्ही बाजूंना सारखाच जोर लागतो. माझा दरवाजा तोललेला होता, कुठे घासत नव्हता आणि बिजागऱ्याही मोकळ्या होत्या. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. स्पिंडलची स्प्रिंग तुटलेली असेल किंवा स्पिंडल एका टोकाने सोडवला असेल तर दरवाजा धाडकन खाली येऊ शकतो, म्हणून काम करताना दरवाज्याखाली मजबूत लाकडी टेकू दिल्याशिवाय मी त्याखाली डोके घातले नाही. स्पिंडलची नळी उघडण्याच्या फंदात तर कोणी पडूच नये, कारण आतली स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते.

मग बॅटरी पाहिली. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर 12.5 व्होल्ट होते, म्हणजे ती बऱ्यापैकी भरलेली होती. दरवाजा वर जात असताना त्याच टोकांवर 12.1 व्होल्ट दिसले. एवढ्या उतारावर कोणतेही मॉड्यूल कुरकुर करणार नाही. तरीही इंजिन चालू असताना दरवाजा बरा चालतो, यावरून बॅटरीच कमकुवत आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे यंत्रणेला 14 व्होल्टच्या आसपास मिळतात आणि वाटेत कुठे नको तिथे रोध असेल तर त्यात वाया जाणारे व्होल्टेज या वाढीव पुरवठ्यातून भरून निघते. बॅटरी शाबूत असताना असा फरक दिसतो याचा अर्थ रोध बॅटरीच्या पुढे कुठेतरी आहे, असे मी धरून चाललो.

फ्यूजवर फार वेळ गेला नाही. फ्यूज काढून डोळ्यांनी पाहण्यापेक्षा तो जागेवर ठेवून, दरवाजा चालत असताना, त्याच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांवर बॅटरीच्या मायनसच्या संदर्भात व्होल्टेज मोजले आणि दोन्हीकडे आकडा जवळपास सारखा आला. फ्यूज ठीक होता.

यानंतर कोड. बाजारात सहज मिळणारे साधे वाचक यंत्र बहुतेक वेळा इंजिनाशी संबंधित, ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड तेवढे दाखवते. दरवाज्याच्या मॉड्यूलशी बोलायचे तर गाडीच्या बॉडीचे ‘बी’ कोड आणि मॉड्यूलांमधल्या संपर्काचे ‘यू’ कोड वाचू शकणारा स्कॅनर लागतो. तसा स्कॅनर मिळवून पाहिले तेव्हा दोन नोंदी होत्या. डाव्या स्पिंडलच्या हॉल सेन्सरचा संकेत विश्वासार्ह नाही, ही एक आणि डाव्या मोटरचा वेग अपेक्षेपेक्षा कमी, ही दुसरी. दोन्ही नोंदी लिहून घेऊन पुसल्या आणि दरवाजा चालवून बघितला, म्हणजे आधी कोणती परत येते ते कळावे. हॉल सेन्सरची नोंद आधी आली. संपर्काविषयी एकही ‘यू’ कोड नव्हता, त्यामुळे मॉड्यूलपर्यंत येणाऱ्या कॅन जाळ्याकडे, म्हणजे मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणाऱ्या संपर्काच्या तारांकडे, बघण्याची गरज उरली नाही.

स्कॅनरचा खरा उपयोग कोड वाचण्यात कमी आणि प्रत्यक्ष चालू आकडे पाहण्यात जास्त आहे, असे माझे मत या कामात पक्के झाले. मॉड्यूल जागे असताना, मोटरला हुकूम न देता, मी दरवाजा हाताने सावकाश वर नेला आणि स्क्रीनवर डाव्या-उजव्या स्पिंडलांची मोजणी शेजारीशेजारी बघत राहिलो. दोन्ही आकडे बरोबरीने वाढत होते. खांद्याच्या उंचीला आल्यावर डावा आकडा एकदम गोठला आणि उजवा चालत राहिला. दरवाजा चार बोटे आणखी वर नेला तसा डावा आकडा पुन्हा हलू लागला, पण आता तो उजव्याच्या मागे पडला होता. खाली आणताना तोच प्रकार किंचित खालच्या उंचीवर झाला. स्पिंडलच्या आतला सेन्सर मेला असता तर बिघाड मोटरच्या फिरण्याशी निगडित राहिला असता, दरवाज्याच्या उंचीशी नव्हे. ठरावीक उंचीला गप्प होणे आणि वर-खाली जाताना ती जागा थोडी सरकणे, ही वाकणाऱ्या तारेची खूण आहे, कारण वाकलेल्या तारांचा जुडगा जाताना आणि येताना अगदी एकाच आकारात वळत नाही.

म्हणून पुढचा प्रश्न असा की डाव्या स्पिंडलची तार कुठून जाते. काही गाड्यांत ती स्पिंडलच्या खालच्या, गाडीच्या खांबाकडच्या टोकातून निघून थेट आत जाते आणि तिचा बिजागरीशी संबंधच येत नाही. माझ्या गाडीत ती वरच्या टोकातून दरवाज्याच्या पोकळीत शिरते, तिथे कनेक्टरला जोडली जाते आणि मग बिजागरीजवळच्या घडीदार रबरी नळीतून छताकडे येऊन डाव्या खांबाच्या आत बसवलेल्या मॉड्यूलकडे उतरते. वायरिंगच्या आकृतीवरून हे आधी निश्चित करून घेतले. आकृतीशिवाय तारांच्या रंगावर विसंबून काम करणे धोक्याचे आहे, कारण एकाच जुडग्यात एकाच रंगाच्या दोन तारा सर्रास आढळतात.

आतील प्लॅस्टिकचे आवरण काढण्याआधी बॅटरीची मायनस तार सोडवली. हे करताना दरवाजा उघडाच ठेवायचा, नाहीतर विजेवरचे कुलूप बंद राहते आणि मग आतल्या बाजूचे छोटे झाकण काढून आणीबाणीचा खटका शोधत बसावे लागते. खांबाच्या आवरणामागे आणि छताच्या कडेने अनेक गाड्यांत पडदा एअरबॅग असते, म्हणून बॅटरी सोडवल्यावर निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबून मगच त्या भागाला हात लावला आणि तिच्या पिवळ्या कनेक्टरच्या वाटेला गेलो नाही.

रबरी नळीची दोन्ही टोके खाचेतून सोडवून ती मागे सरकवली. आत डझनापेक्षा जास्त तारा होत्या आणि पहिल्या नजरेला सगळ्या धडधाकट दिसत होत्या. नीट पाहिल्यावर मात्र दोन तारांचे आवरण तडकून आतले तांबे दिसत होते. त्यातली एक नंबरप्लेटच्या दिव्याची होती आणि एक काच तापवणाऱ्या जाळीची. ज्या तारेचा मला संशय होता, म्हणजे डाव्या हॉल सेन्सरांची सामाईक मायनस तार, तिच्या आवरणावर मात्र ओरखडासुद्धा नव्हता. इथे डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त सांगितले. प्रत्येक तार अंगठा आणि तर्जनीत धरून वाकवली, तर चांगली तार आपल्या लवचिकतेने सरळ होते. ही तार एका जागी भिजलेल्या नाडीसारखी लुळी पडत होती. दोन्ही बाजूंनी हलकेच ओढल्यावर त्या जागी आवरण ताणून बारीक झाले, कारण आत तांबे उरलेच नव्हते. दोन तुटकी टोके आवरणाच्या आत एकमेकांना टेकून बसली होती आणि दरवाजा विशिष्ट उंचीला आला की वळणामुळे वेगळी होत होती. आवरण चिरून पाहिले तेव्हा टोकांवरचे तांबे हिरवट कळकलेले होते.

मल्टिमीटरच्या कंटिन्यूइटीच्या, म्हणजे तार सलग असल्याचे सांगणाऱ्या, आवाजावर लोकांचा जो भरवसा असतो त्याविषयी इथे थोडे लिहिले पाहिजे. दरवाजा पूर्ण उघडा असताना हीच तुटकी तार मीटरवर निर्वेध आवाज देत होती. मीटर तारेतून अगदी नगण्य करंट सोडतो, त्यामुळे पन्नास धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असला तरी त्याच्या लेखी तार शाबूत असते. म्हणून मी दोन्ही टोकांना कनेक्टर सोडवून, म्हणजे तार मॉड्यूलपासून आणि सेन्सरपासून पूर्ण वेगळी करून, तिच्यातून दिवा पेटवून पाहण्याची पद्धत वापरली. बारीक तारेसाठी 5 वॅटचा आणि मोटरच्या जाड तारेसाठी 21 वॅटचा बल्ब घेतला. 12 व्होल्टवर 21 वॅटचा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो आणि एवढ्या भाराखाली खराब तार लपून राहू शकत नाही. बल्ब पेटलेला ठेवून दरवाजा वर-खाली केला आणि जुडगा हाताने हलवला. सेन्सरच्या तारेवरचा बल्ब ठरलेल्या उंचीला सरळ विझला. मोटरच्या एका जाड तारेवरचा बल्ब विझला नाही, पण मंद झाला. कनेक्टर न सोडवता मॉड्यूलच्या पिनेवर असा बल्ब कधीही लावू नये, आतले सर्किट जळू शकते.

मंद झालेल्या बल्बामुळे दुसऱ्या कोडचा उलगडा झाला, पण त्याला आकड्याची जोड हवी होती. मोटरला मिळणारे व्होल्टेज मॉड्यूल अतिशय वेगाने चालू-बंद करून कमीजास्त करते, त्यामुळे मोटरच्या टोकांवर मीटर लावला तर सरासरीच दिसते आणि तिच्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. त्याऐवजी एकाच तारेच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे मॉड्यूलच्या पिनेपासून स्पिंडलच्या कनेक्टरमधल्या पिनेपर्यंत, मीटर लावून, बॅटरी तात्पुरती जोडून, दरवाजा चालत असताना तारेतच किती व्होल्टेज हरवते हे पाहिले. पिनांच्या मागच्या बाजूने बारीक टोकाची सुई सरकवावी. समोरून खुपसल्यास पिनेची पकड सैल होते आणि आपणच नवा बिघाड तयार करतो. उजव्या बाजूला 0.15 व्होल्टच्या आसपास घट दिसली. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटर लांबीला सुमारे 7 मिलिओहम असतो, म्हणजे दोन मीटर तारेतून 10 अँपिअर गेले तर साधारण 0.14 व्होल्ट पडायलाच हवेत. उजवा आकडा हिशेबात बसत होता. डाव्या बाजूला तीच घट 1 व्होल्टच्या वर होती आणि जुडगा दाबला की बदलत होती. डावी मोटर सावकाश फिरत होती ती यामुळे, आणि इंजिन चालू असताना दरवाजा का सुधारत होता तेही यात आले.

अर्थिंगही याच पद्धतीने तपासले. मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसला आणि लाल तार मॉड्यूलच्या अर्थ पिनेला लावून दरवाजा चालवला. 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंतचा आकडा मला चालला असता, प्रत्यक्षात तो त्याहून कमी निघाला. मागच्या भागातले अर्थिंग बिघडले असेल तर त्याची चाहूल बहुतेक वेळा दिव्यांवरून आधीच लागते. ब्रेक दाबला की दुसराच एखादा दिवा मिणमिणतो किंवा वायपर दचकतो, कारण परतीचा मार्ग न मिळालेला करंट दुसऱ्या सर्किटमधून वाट काढतो. माझ्याकडे तसे काही नव्हते, तरी खांबाच्या तळाशी असलेला अर्थचा बोल्ट काढून, खालचा पत्रा घासून, परत घट्ट बसवला.

दुरुस्तीत घाई केली तर तोच बिघाड काही महिन्यांत दोन बोटे पुढे सरकून पुन्हा उभा राहतो. तुटलेल्या जागी तारा सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळणे हा प्रकार तर सोडाच, पण नळीच्या आत डाख देऊन जोडणेही योग्य नाही. डाख वितळून धाग्यांमध्ये आत चढतो, तेवढी तार कडक होते आणि जिथे कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो नेमक्या त्या रेषेवर ती वाकून वाकून तुटते. म्हणून वाकणाऱ्या भागातला प्रत्येक खराब तुकडा पूर्ण कापून टाकला आणि त्याच जाडीच्या, पण जास्त बारीक धाग्यांच्या लवचिक तारेचा नवा तुकडा असा घातला की त्याचा एक जोड दरवाज्याच्या पोकळीत आणि दुसरा छताच्या कडेच्या आत, म्हणजे दोन्ही जोड न हलणाऱ्या जागी यावेत. जोडांसाठी आतून गोंद असलेल्या आणि तापवल्यावर आकसणाऱ्या नळ्यांचे दाबजोड वापरले आणि ते एकमेकांसमोर न येता पुढेमागे ठेवले, नाहीतर सगळ्या गाठी एकत्र येऊन जुडगा नळीत शिरत नाही. नव्या तुकड्याला मूळ लांबीपेक्षा किंचित सैलपणा दिला. ज्या दोन तारांचे आवरण फक्त तडकले होते त्याही बदलल्या, कारण उघडे तांबे पत्र्याला लागले की फ्यूज जातो आणि मग तो बिघाड वेगळाच भासतो.

बॅटरी पुन्हा जोडल्यावर दरवाजा लगेच शहाण्यासारखा वागेल ही अपेक्षा ठेवू नये. पुरवठा तुटल्यामुळे मॉड्यूल दरवाज्याची जागा विसरलेले असते. माझ्या गाडीत दरवाजा हाताने पूर्ण बंद करून, मग बटणाने एकदा पूर्ण उघडून, पुन्हा पूर्ण बंद होऊ दिला की शिकवणी पुरी होते. इतर गाड्यांत हा क्रम वेगळा असतो आणि काहींत स्कॅनरवरूनच करावा लागतो. ही पायरी गाळली आणि दरवाजा बटणाला दाद देईना, तर दुरुस्तीच फसली असे वाटू शकते.

शिकवणीनंतर दरवाजा वरपर्यंत एका दमात गेला, पण बंद होताना कुलपाच्या अगदी जवळ येऊन उलटा फिरू लागला. कोड आता डाव्या रबरी पट्टीचा होता. पट्टीचा कनेक्टर सोडवून दोन पिनांमध्ये रोध मोजला, उजव्या पट्टीचा आकडा स्थिर होता आणि डाव्या पट्टीचा त्याच्या बराच खाली होता, शिवाय तो सतत घसरत-चढत होता. पट्टीच्या आत तार तुटली असती तर आकडा अनंताकडे गेला असता. इथे तो कमी येत होता, म्हणजे दोन वाहकांमध्ये आणखी एखादी गळतीची वाट तयार झाली होती. कनेक्टरच्या पोकळीत पांढरट-हिरवा गंज आणि थोडी ओल सापडली. दरवाजा बंद होण्याच्या बेतात आला की ते पाणी पिनांवर येई आणि मॉड्यूलला पट्टी दाबल्यासारखी वाटे. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून पूर्ण सुकवल्यावर डावा आकडा उजव्याशी जुळला. पाणी आले कुठून, हे शोधल्याशिवाय ते काम पुरे झाले असे मी मानायला तयार नव्हतो. वरच्या ब्रेक दिव्याची गॅस्केट एका कोपऱ्यात चपटी झाली होती. दिव्यावर सावकाश पाणी ओतले तेव्हा आतल्या पत्र्यावरून एक ओघळ थेट त्या कनेक्टरकडे जाताना दिसला. गॅस्केट बदलली.

कुलपाची तपासणी त्या मानाने सोपी होती. दरवाजा उघडा ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने कुलपाचा अडकवणारा आकडा (हूक) हाताने फिरवला, तशी स्कॅनरवर अर्धे बंद आणि पूर्ण बंद या दोन्ही अवस्था योग्य क्रमाने दिसल्या आणि ओढून घेणारी मोटरही फिरली. नंतर बाहेरचा खटका दाबून आकडा मोकळा केला, कारण तो बंद राहिलेला असताना दरवाजा आपटला तर कुलूप वाकते. हे स्विच बिघडले की दरवाजा बंद असूनही गाडीला तो उघडा वाटतो, आतले मॉड्यूल झोपत नाहीत आणि बॅटरी उतरते. म्हणून गाडी कुलूपबंद करून, सगळे शांत झाल्यावर, बॅटरीच्या मायनस तारेतला करंट मोजला. तो 50 मिलिअँपिअरच्या खाली होता.

आवरणे परत बसवण्याआधी दरवाजा चढावर, उतारावर, इंजिन बंद ठेवून आणि थंड सकाळी वारंवार चालवला. डाव्या आणि उजव्या मोजणीतला फरक कुठेही वाढला नाही आणि डाव्या जाड तारेतली घट उजव्याइतकीच आली. उजव्या बाजूची रबरी नळी तोवर उघडली नव्हती. तिच्यातल्या तारा त्याच वयाच्या असून तितक्याच वेळा वाकलेल्या होत्या, त्यामुळे तीही सोडवली. वायपरच्या आणि कुलपाच्या तारेचे आवरण वळणावर केसासारखे तडकले होते. त्या दोन्ही तारा त्याच पद्धतीने बदलल्या, नळीची टोके खाचेत नीट बसल्याची बोट फिरवून खात्री केली आणि मग प्लॅस्टिकची आवरणे जागच्या जागी दाबली.